मोहाच्या खोलीतला तास

"मॅडम बोलून राहिल्या का सुपात तांदूळ पाखडून राहिल्या?" असं सुमित्राबाई रचनाला तोंडावर म्हणायच्या, आणि रचना ते हसण्यावारी न्यायची. खोटं नव्हतंच ते. तिचा आवाज पहिल्या रांगेच्या पलीकडे जात नसे. दवनीवाड्याच्या मोकळ्या धानशेतांतून ती मागच्या साली जिल्ह्याच्या या जंगलटोकाला, बेलटोल्याला, शिकवायला आली आणि सुमित्राबाईंच्या घरात एक खोली घेऊन राहिली. शाळा सुटल्यावर आठवीच्या चौघा पोरांना ती शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी इंग्रजी शिकवायची. मुलांना जीव लावणारी होती, पण मुळातली भित्री. पालीला भ्यायची, विजेला भ्यायची. हत्तींचा कळप गडचिरोलीकडून आल्याचं ऐकल्यापासून तर संध्याकाळी अंगणात पाय टाकायलाही तिचा धीर होत नव्हता. रोज पहाटे बुद्धवंदना म्हणताना ती सगळ्या प्राणिमात्रांचं भलं मागायची. त्या प्राण्यांत हत्तीही येतो, हे तिला हल्ली फार जाणवायचं.

तास भरायचा तो बायांच्या बचत गटाच्या खोलीत. टोल्याच्या अख्ख्या वस्तीत स्लॅबची खोली ती एकच. बाकी मातीच्या भिंती आणि वर कवेलूंची छपरं, शाळेवरसुद्धा कवेलूच. खोलीला समोर, गावाकडे, लोखंडी दार आणि त्याच्या शेजारी गजांची खिडकी. मागच्या बाजूला लाकडी दार. ते खळ्याकडे उघडायचं, आणि खळ्यापलीकडे लगेच जंगल.

त्या दिवशी दुपारी जंगलखात्याची गाडी भोंग्यावर सांगत गेली. घरात मोहफुलं ठेवू नका, त्या वासानं हत्ती भिंत पाडतो. बायालेकरांना पक्क्या जागी हलवा. दिवे लावू नका, फटाके फोडू नका, पळू नका. बेलटोल्यानं सगळं मन लावून ऐकलं. ट्रॅक्टरची पहिली खेप बायालेकरांना घेऊन पुढच्या गावच्या आश्रमशाळेत गेली. उरलेली पोरं दुसऱ्या खेपेला जायची होती. तोवर त्यांना पक्क्या खोलीत बसवा, असं गावकऱ्यांच्या पहाऱ्यावरचा बुधराम म्हणाला. त्यानं आपली धाकटी लेक चमेलीही आणून सोडली. ती काही एकटी येईना, तेव्हा तिची बकरीही आली. बकरी मागच्या बाजूला निंबाखालच्या खुंट्याला बांधली गेली.

"मॅडम, इले बकरीशिवाय झोप येत नाई," बुधराम ओशाळून म्हणाला. "तासाले बसवा. आवाज नाई करणार."

"बसू द्या ना दादा."

पोरं घाबरलेली दिसत होती, म्हणून रचनानं नेहमीसारखा तास सुरू केला. पुस्तकात छत्री आणि विद्यापीठ असल्या वस्तू होत्या. बेलटोल्याच्या पोरांना त्यांचं सोयरसुतक नव्हतं. तिनं पुस्तक मिटलं.

"डिटरमिनर कुठं बसतो?"

"नावाच्या पुढ्यात, मॅडम!" खुशबू म्हणाली. ही सगळ्यांत धीट.

"आणि काय सांगतो?"

"कोणतं, कुणाचं, किती!" सगळ्यांनी एका सुरात सांगितलं.

"मग या खोलीत जे दिसतं, त्याचं बोला."

"धिस डोअर," बंटी म्हणाला. "माय बॅग," योगराज पुटपुटला. ओमेशनं खिडकीखाली रचलेल्या पोत्यांकडे हात केला. "टू मच सॅक्स, मॅडम. बसाले जागा नाई."

"पोती मोजता येतात ना? मग मेनी."

"मेनी म्हना का मच म्हना, पाय तर पसरता येत नाई!"

पोरं हसली. कोपऱ्यात बसलेली चमेली एकदम म्हणाली, "माय बकरी." पुन्हा हशा. रचना म्हणाली, "शाब्बास. कुणाची ते सांगितलं तिनं. योगराज सोडला तर तुम्हाला कुणाला सुचलं नाही."

पोती आज खरंच जास्त होती. गटाची नेहमीची तर होतीच, पण दुपारभर बाया घराघरातून आणखी आणून टाकत होत्या. रचनाला वाटलं, हलवाहलवीच्या दिवसांत सामान असंच इकडून तिकडे होतं. तिनं फार विचार केला नाही.

सुमित्राबाई मागच्या दाराजवळ पिशवी घेऊन बसल्या होत्या. पिशवीत गणपतीची छोटी तसबीर, पितळी दिवा, वात आणि दुर्वांची जुडी. दिवेलागणीला दिवा लावल्याशिवाय त्या पाणी घेत नसत. लग्न होऊन आल्यापासून त्यांचा हा नेम होता.

ट्रॅक्टर काही आला नाही. बुधराम मात्र धापा टाकत आला.

"मॅडम, ट्रॅक्टर अडला. हत्ती रस्त्यावर आले. आतून कड्या लावा. मी हाक देईन तवाच उघडा. लाइन बी बंद करून राहिले."

"दादा, किती आहेत?"

"मोजाले कोन थांबला?" आणि तो गेला.

तिनं दोन्ही कड्या लावल्या. कडी लावताना लोखंडावर लोखंड वाजलं. बल्ब विझला. खिडकीतून थोडा राखेसारखा उजेड येत होता, तोही हळूहळू गेला. गावातली कुत्री आधी एकदम भुंकली आणि मग गप्प झाली. रचनाला भुंकण्यापेक्षा ते गप्प होणं जास्त झोंबलं.

सुमित्राबाईंनी काडीपेटी काढल्याचा आवाज आला.

"मावशी, नको," रचना म्हणाली. "उजेड नको म्हणालेत."

"माह्या नेमाचा दिवा आहे, बाई."

"मला कळतं मावशी. पण लेकरं आहेत."

 मग काडीपेटी पिशवीत परत गेली. "मंग हातात तरी धरून बसतो," सुमित्राबाई म्हणाल्या. "त्याले दिसते अंधारात."

"मॅडम, मले भेव लागून राहिला," योगराज रडवेला झाला. बंटीही मुसमुसू लागला. एक रडला की सगळी रडणार, आणि एकानं दार उघडून धूम ठोकली की सगळी पळणार, हे रचनाला कळत होतं.  काय करावं ते तिला सुचेना. जे येत होतं तेच तिनं केलं.

"तास संपलेला नाही," ती कुजबुजली. "आता दिसत नाही, तर हाताला जे लागेल त्याचं बोलायचं. एकामागून एक. कानात सांगितल्यासारखं. खुशबू, तू आधी."

"मॅडम, तुमच्यासारखं हळू बोलाचं?" ओमेशनं अशा वेळीही विचारलं.

"माझ्यापेक्षाही हळू."

"धिस वॉल," खुशबू कुजबुजली. "माय नोज," ओमेश. "हिज हँड," बंटी. त्यानं योगराजचा हात धरला होता. "सम… सम रोप," योगराजच्या हाताला दोरी लागली होती. आणि शेवटी चमेली: "माय बकरी."

"बकरी तर भाईर आहे," खुशबू म्हणाली.

"तरी माहीच आहे."

फेरी पुन्हा सुरू झाली, आणि पुन्हा. मुसमुसणं थांबलं. पाळी आपल्याकडे येईस्तोवर हाताला काही शोधायचं, एवढंच काम पोरांना उरलं. रचना मात्र शब्दांपेक्षा आवाज मोजत होती. पाच आवाज आले की तिचा एक श्वास सुटायचा.

मग वास आला. चिखलाचा, ठेचलेल्या पाल्याचा. पाठोपाठ खोल कुठून तरी घरघर आली, जात्याखाली जमीन हादरावी तशी. बाहेर कुणाचा तरी मांडव कडाकडा मोडला. पावलांचा आवाज मात्र नव्हता. एवढं मोठं जनावर, आणि पाऊल वाजत नाही. 

खिडकीवर एक ऊन श्वास पडला. फुंकर मारावी तसा, पण ती फुंकर खोलीभर पसरली. गजांमधून काही तरी आत आलं. दिसलं नाही, पण भिंतीवर त्याचं घासणं ऐकू आलं. ते वर चाचपडलं, बाजूला चाचपडलं आणि मग खाली वळलं. पोत्यांवर. सुतळी तुटल्याचा आवाज झाला.

"गणराया," सुमित्राबाई पुटपुटल्या आणि त्यांनी हात जोडलेले असावेत, कारण बांगड्या किणकिणल्या. मग त्या एकदम रचनाच्या कानाशी आल्या. "रचना. त्या पोत्यांत का आहे, ठाऊक आहे ना तुले?"

"धान असेल…"

"मोहा आहे, माय. उन्हाळ्यात येचलेला, गटाचा. आन् आज घराघरातला बी इथंच आनून टाकला. घरात ठेवू नोका म्हने ना तो भोंगा. सगळ्यायले ही खोली भेटली, पक्की."

रचनाला क्षणभर काही कळेना, आणि मग सगळंच कळलं. मोह मातीच्या घरातून काढा म्हणाले, तो बायांनी पक्क्या खोलीत आणला. लेकरं पक्क्या घरात ठेवा म्हणाले, ती बुधरामनं पक्क्या खोलीत आणली. दोघांनीही सांगितलं तेच केलं होतं. आणि ज्या एका गोष्टीसाठी हत्ती भिंत पाडतो, तिच्याशी पाठ लावून पाच लेकरं इंग्रजी बोलत बसली होती.

लोखंडी दारावर दणका बसला. पत्रा आत आला. बंटी किंचाळणार तेवढ्यात खुशबूनं त्याचं तोंड दाबलं.

"मावशी, मोह बाहेर टाकावा लागेल. मागच्या दारानं. खळ्यावर. त्याला तिकडे वास गेला तर तो इथून हटेल."

सुमित्राबाई गटाच्या अध्यक्ष होत्या. या मोहासाठी बाया पहाटे उठून झाडाखाली वाकल्या होत्या, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? पण त्यांना वेळ लागला नाही.

"टाक," त्या म्हणाल्या. "बायांनी इचारलं तर सांगीन, नैवेद्य होता."

"खुशबू, फेरी तू चालव. थांबायचं नाही. काही झालं तरी थांबायचं नाही."

"होय, मॅडम."

रचना गुडघ्यांवर रांगत खिडकीखाली गेली. ती स्वतःला सांगत होती की हे मी करत नाहीये, हे दुसरंच कुणी करतंय. डोक्यावर वीतभर अंतरावरून तो ऊन श्वास येत-जात होता. तिनं कडेच्या पोत्याचा कान धरला आणि ओढलं. वरून काही ओलसर तिच्या खांद्याला लागलं, थांबलं, हुंगून गेलं. तिनं पोत्याचा कान सोडला नाही.  सुमित्राबाईंनी दुसरा कान धरला. दोघींनी पोतं फरशीवरून ओढत मागच्या दाराशी नेलं, रचनानं दाराशी खोचलेला गवत कापायचा इळा घेतला, कडी काढली आणि दोघी अंधारात शिरल्या. खळ्याच्या मध्यावर रचनानं इळ्यानं पोतं चिरलं. आंबूस-गोड वास भपकन वर आला. त्या परत आल्या, आणखी एक पोतं नेलं, तेही चिरलं. इळा हातात तसाच राहिला. आत येऊन सुमित्राबाईंनी कडी लावली.

खिडकीतलं घासणं थांबलं. भिंतीला अंग लावून काही तरी अवजड कडेनं फिरत मागं गेलं. थोड्याच वेळात खळ्यावर फुंकरीचा आवाज झाला आणि चावण्याचा. आणखी एक हत्ती आला, मग आणखी एक.

"धिस वॉल," खुशबूचा आवाज कापत होता, पण चालू होता. "माय नोज." "हिज हँड." "सम रोप."

आणि पुढं काही नाही.

रचना थांबली. "चमेली?"

 तिनं जमिनीवर हात फिरवला. ओमेशचा पाय. योगराजचं डोकं. बंटी. खुशबू. कोपरा. कोपऱ्यात नुसती गार फरशी.

"मॅडम, ती माह्याच बाजूले होती," खुशबू रडू लागली. "तुम्ही दार उघडलं तवा… मले वाटलं पोत्यामागं गेली."

पोत्यांमागं नव्हती. रचनाला कुठं ते कळलं होतं: बाहेर, बकरीजवळ. ती दाराला टेकून खालीच बसली. मी नाही जाऊ शकत, असं तिच्या मनानं स्पष्ट सांगितलं. शब्द इतका स्वच्छ होता की तिला वाटलं कुणी तरी बोललं.

सुमित्राबाईंनी अंधारात तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या हातात तो न लावलेला दिवा होता. त्याचं गार पितळ रचनाच्या कानाला लागलं. "मी जातो," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला रात्रीचं दिसत नाही, मावशी." रचना उठली. "कडी लावू नका. आणि पोरांना बोलत ठेवा."

बाहेर आकाशाला थोडी धूसर कडा होती आणि त्या कडेवर काळे डोंगर हलत होते. कानांची फडफड ओलं घोंगडं झटकावं तशी ऐकू येत होती. रचना भिंतीला पाठ लावून सरकली. भिंत संपली. पुढं निंब कुठं, खळं कुठं, काही उमजेना. ती उभी राहिली आणि तिनं कान दिले.

"माय बकरी… माय बकरी…"

अगदी कानात सांगितल्यासारखं. शिकवल्याप्रमाणे.

ती त्या कुजबुजीच्या मागं गेली. चमेली खुंट्याशी बकरीच्या गळ्याला मिठी मारून बसली होती. बकरी थरथरत होती. रचनानं चमेलीला उचललं, पण तिनं दावं सोडलं नाही.

"बकरी बी."

"तिला पळता येतं. सोड."

"नाई. माही आहे."

रचनानं इळ्यानं दावं कापलं. बकरी उधळली, एकदा बें करून ओरडली आणि अंधारात गेली. चमेलीनं तोंड उघडलं. रचनानं तिचं तोंड आपल्या छातीत दाबलं.

खळ्यावरचं चावणं थांबलं.

सगळंच थांबलं. जवळचा डोंगर वळला. ती फुंकर आता थेट त्यांच्याकडे येत होती, जमिनीवरचा पालापाचोळा उडवत. रचनाला दार कोणत्या बाजूला ते आठवेना. पळू नका, असं भोंग्यानं सांगितलं होतं. ती पळूही शकली नसती. तिला आईची आठवण आली. वंदना आठवली, पण एकही ओळ पुरी होईना.

मागून, डावीकडून, कुजबुज आली.

"धिस वॉल."

"माय नोज."

"हिज हँड."

"सम रोप."

आणि शेवटी एक थकलेला बाईमाणसाचा आवाज, ज्यानं जन्मात इंग्रजीचा एक शब्द उच्चारला नव्हता: "माय… गनपती."

रचना त्या आवाजाकडे पाठीनं चालू लागली. तोंड हत्तीकडे, पाय दाराकडे. पाऊल टाकायचं आणि थांबायचं. हत्तीनं सोंड उंच केली, हवेत फिरवली, आणि मग जणू यांच्यात काही अर्थ नाही असं ठरवून पुन्हा मोहाच्या ढिगात घातली. रचनाच्या खांद्याला चौकट लागली. सुमित्राबाईंनी तिला दंडाला धरून आत ओढलं आणि कडी लावली.

त्यानंतर किती वेळ गेला ते कुणी मोजलं नाही. पोरं बोलत राहिली. दमली तेव्हा एकमेकांच्या पाळीला बोलू लागली. चमेली रचनाच्या खांद्यावर झोपली.  खळ्यावरचे आवाज हळूहळू उताराला, नाल्याकडे, गेले.

लोखंडी दारावर थाप पडली. सगळी दचकली.

"मॅडम! मी बुधराम. गेले ते. नाला उतरले. उघडा."

रचना उठली. कडीपर्यंत हात गेला.

"मॅडम," बुधरामचा आवाज फाटला, "माही बकरी पहाऱ्यावर आली पळत. कापलेलं दावं गळ्यात. चमेली… चमेली आहे ना?"

आहे, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि कडीपर्यंत गेलेला हात मागं घेतला. मघाशी तिनं अशाच अंधारात न मोजता सगळी आहेत असं धरलं होतं.

"थांबा दादा," ती म्हणाली. एवढ्या मोठ्यानं ती आजवर कधीच बोलली नव्हती. "आधी फेरी."

"कायची फेरी? दार उघडा ना!"

"खुशबू."

"धिस वॉल, मॅडम."

"माय नोज," ओमेश म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात रडू होतं. बंटी बोलला. योगराज बोलला. बाहेर बुधरामचा श्वास पत्र्यावर ऐकू येत होता. सुमित्राबाईंनी काडी हातात धरली होती, पण त्याही थांबल्या होत्या.

रचनानं खांद्यावरचं डोकं हलवलं. "चमेली. ए बाळा. तुझी पाळी."

पोर झोपेत कुरकुरली, तोंड दुसऱ्या बाजूला वळवलं. रचनानं पुन्हा हलवलं.

"माय बकरी," चमेली म्हणाली.

तेव्हा कुठं सुमित्राबाईंनी काडी ओढली. दिव्याच्या उजेडात रचनानं कडीला हात घातला. दणक्यानं पत्रा आत आला होता, त्यामुळं कडी निघायला जरा वेळ लागला.